सेंटर विरुद्ध सेंटर : रसेल, विल्ट, करीम, हकीम, शॅक आणि ‘आमच्या वेळी असं नव्हतं’

लांबटांग्या :

२०१७ च्या एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) अवॉर्ड्सची ती क्लिप बऱ्याच जणांनी बघितली असेल. बिल रसेलला जीवनगौरव द्यायचाय, स्टेजवर पाच सेंटर (टीममधले सगळ्यात उंच, बास्केटजवळ खेळणारे) ओळीने उभे, करीम अब्दुल-जब्बार, शॅक म्हणजे शकील ओनील, मुटोम्बो, डेव्हिड रॉबिन्सन, अलोन्झो मोर्निंग. रसेल तेव्हा ८३ वर्षांचा. म्हातारा येतो, एकेकाकडे बोट दाखवतो, तोंडाशी आडवा हात धरतो आणि तुम्हा सगळ्यांना मी धुतलं असतं अशा अर्थाचं काहीतरी बोलतो (मूळ शब्द टाकले तर अ‍ॅडमिन धागा उडवतील). सगळा हॉल खदाखदा हसला. मला मात्र राहून राहून वाटतं की तो जोक नव्हताच.

गार्ड (बाहेरून बॉल खेळवणारे, बुटके) लोकही आपापल्या पिढीच्या बढाया मारतात, नाही असं नाही. पण सेंटरचा राग वेगळा असतो, त्यात हिशेब असतो. कारण ह्या खेळाचे मोठे नियम बदलले गेले ते बहुतेक वेळा कुठल्यातरी सेंटरला आवरायला. जॉर्ज मायकन कोणाला आवरेना म्हणून १९५१ मध्ये बास्केटसमोरची लेन (जिथे अटॅक करणाऱ्याला तीन सेकंदांच्या वर थांबता येत नाही) ६ फुटांची १२ फूट केली. मग विल्ट चेंबरलेन आला, १९६४ ला १२ ची १६ झाली. करीम (तेव्हाचा ल्यू अल्सिंडर) यूसीएलएला खेळत होता तेव्हा १९६७ मध्ये कॉलेज बास्केटबॉलमधून डंकच (बॉल वरून थेट बास्केटमध्ये कोंबणं) बाद केला, तो पार १९७६ पर्यंत बाद. शॅक सगळ्यांना चिरडत सुटला होता त्याच काळात, २००१ ला, झोन डिफेन्सला (माणसाऐवजी जागा राखायला) परवानगी दिली, त्याला एकटा शॅक कारण नव्हता पण त्याच्याभोवती आता तिघं आधीपासूनच उभे राहू शकत होते हे खरं. म्हणजे प्रत्येक जुना सेंटर नव्याकडे बघताना मनात म्हणणार की मला अडवायला कायदे केले आणि ह्या पोराला कोण अडवतंय.

सगळे रसेल-विल्ट रसेल-विल्ट करतात. ती महान स्पर्धा होतीच, १४० च्या वर सामने झाले दोघांचे. पण माझ्या मते खरं कडवट भांडण झालं ते विल्ट आणि करीमचं, आणि ते कोर्टवर कमी, कोर्टबाहेर जास्त.

सुरुवात किती गोड होती बघा. करीम न्यूयॉर्कचा शाळकरी पोरगा, पॉवर मेमोरियल हायस्कूल, ऑलरेडी सात फुटाच्या घरात, आणि विल्ट म्हणजे हार्लेममध्ये स्वतःचा नाइटक्लब असलेला हिरो, स्मॉल्स पॅराडाइज. विल्टने ह्या पोराला आसपास वावरू दिलं, घरी येऊ दिलं. त्या वयाच्या उंच आणि लाजऱ्या मुलाला आपल्यासारखाच कोणीतरी एवढ्या रुबाबात जगताना दिसतोय, काय वाटलं असेल विचार करा.

मग १९६९ ला करीम मिलवॉकी बक्सकडून लीगमध्ये आला. १९७१ च्या प्लेऑफमध्ये बक्सने विल्टच्या लॉस एंजेलिस लेकर्सना ४-१ ने घरी पाठवलं आणि करीम चॅम्पियन. पुढच्या वर्षी लेकर्सनी सलग ३३ सामने जिंकले, ती मालिका ९ जानेवारी १९७२ ला तोडली कोणी, बक्सने. पण प्लेऑफमध्ये ३५ वर्षांच्या विल्टने हिशेब चुकता केला, लेकर्स ४-२ आणि पुढे विजेतेपद, फायनल्सचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) विल्टच. करीमने त्या सीझनला सरासरी ३४.८ पॉइंट काढले होते आणि तरीही ती सिरीज म्हाताऱ्याने नेली असंच लोक बोलले.

मधल्या काळात राजकारणही आलं होतं. १९६८ ला विल्ट निक्सनच्या प्रचारात, आणि त्याच वर्षी करीमने वर्णभेदाच्या निषेधात ऑलिम्पिकला जायचं नाकारलं. त्याच्या आधीच्या वर्षी मुहम्मद अलीने सैन्यात जायला नकार दिला तेव्हा क्लीव्हलंडला जी बैठक झाली तिथे रसेल होता, कॉलेजातला करीम होता. विल्ट नव्हता.

आणि शेवटी ५ एप्रिल १९८४. लास व्हेगास, करीम आता लेकर्सकडे, समोर यूटा जॅझ, मॅजिक जॉन्सनचा पास, ७ फूट ४ इंची मार्क ईटनच्या डोक्यावरून स्कायहुक (एका हाताने उंचावरून टाकायचा करीमचा शॉट), आणि विल्टचे करिअरमधले ३१,४१९ पॉइंट मागे पडले. त्यानंतर विल्ट बोलायचा थांबलाच नाही. करीम रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल) घेत नाही, करीमने आता रिटायर व्हावं, हे असं वर्षानुवर्षं. करीम १९८९ ला, वयाच्या ४२ व्या वर्षी, थांबला आणि १९९० मध्ये त्याने विल्टला उद्देशून एक उघडं पत्रच छापलं, त्यात थेट दुखऱ्या जागी बोट, की तू हरलास की दोष कायम दुसऱ्याचा.

माझं म्हणणं एवढंच की रसेलने विल्टला हरवलं ते विल्टने पचवलं, करीमने विल्टचा आकडा ओलांडला ते नाही पचवलं. आकडे हीच त्याची इस्टेट होती ना.

या आता, घाला काय घालायचा तो वाद.

---

बंड्या२३ :

रुमाल टाकून ठेवतो. बाय द वे शॅक. चर्चा संपली. बाकीचे सगळे प्लंबर आणि फायरमनविरुद्ध (म्हणजे हौशी लोकांविरुद्ध) खेळले.

---

खडूस_पंच :

लेख आवडला पण निष्कर्ष पटला नाही.

>>रसेलने विल्टला हरवलं ते विल्टने पचवलं

कुठे पचवलं? १९६१-६२ चा सीझन घ्या. विल्टची सरासरी ५०.४ पॉइंट, २५.७ रिबाउंड, २ मार्चला हर्शीमध्ये १०० पॉइंटचा सामना. आणि एमव्हीपी कोण? रसेल. तेव्हा एमव्हीपीचं मतदान खेळाडू करायचे. पत्रकारांनी मात्र ऑल-एनबीए (वर्षातले सर्वोत्तम पाच) फर्स्ट टीमवर विल्टला घेतलं आणि रसेल सेकंड टीमवर. म्हणजे जे बाहेरून बघतात त्यांना विल्ट मोठा वाटला आणि ज्यांना रोज रात्री दोघांशी भिडावं लागायचं त्यांना रसेल. ह्याच्यापेक्षा झोंबणारं काय असेल?

आणि पगार. १९६५ ला विल्टचा करार एक लाख डॉलरचा. रसेलने लगेच आपल्या बोस्टन सेल्टिक्सकडून एक लाख एक डॉलर घेतले. तो वरचा एक डॉलर काही किराणा भरायला नव्हता.

बंड्या, तुझा शॅक ज्या ज्या चालींवर पोट भरायचा त्या ह्याच प्लंबर लोकांनी शोधल्यात. ब्लॉक केलेला बॉल प्रेक्षकांत न फेकता आपल्याच गार्डच्या हातात टाकायचा हे रसेलचं. आणि तेव्हा ब्लॉक मोजतच नव्हते, एनबीएने ते मोजायला सुरुवात केली १९७३-७४ ला. ज्या कामात रसेल सगळ्यात भारी त्या कामाचा एकही आकडा नाही, आणि तुम्ही लोक बॉक्स स्कोअर घेऊन येता.

---

सई_बेंचवरून :

पॉपकॉर्न घेऊन बसलेय. चालू द्या.

---

टीपकागद :

लांबटांग्या, छान लिहिलंत. पण १९६९ टाळून पुढे गेलात, तिथेच सगळी मेख आहे. माझं वय झालंय त्यामुळे जरा पाल्हाळ चालवून घ्या.

त्या वर्षी सेल्टिक्स अगदीच उतरणीला लागलेले, ईस्ट गटात चौथे. रसेल स्वतःच कोच आणि स्वतःच सेंटर, एनबीएमधला पहिला कृष्णवर्णीय हेड कोच तो. समोर लेकर्स म्हणजे जेरी वेस्ट, एल्जिन बेलर आणि नव्याने आणलेला विल्ट. फायनल सातव्या सामन्यापर्यंत गेली, सामना लेकर्सच्या घरी. मालक जॅक केंट कुक इतका खात्रीत की छताला हजारो फुगे बांधून ठेवलेले, जिंकल्यावर सोडायचे म्हणून. ते रसेलच्या कानावर गेलं, त्याने आपल्या पोरांना सांगितलं. आता एवढं आयतं मिळाल्यावर कोचने आणखी वेगळं भाषण कशाला करायचं.

शेवटची साधारण साडेपाच मिनिटं राहिली असताना विल्टचा गुडघा दुखावला, तो बाहेर गेला. थोड्या वेळाने परत जायला तयार झाला तर कोच व्हॅन ब्रेडा कोल्फने घेतलंच नाही. त्याच्या जागी मेल काउंट्स. डॉन नेल्सनचा एक शॉट रिमवर आपटून सरळ वर उडाला आणि आत पडला, सेल्टिक्स १०८-१०६. वेस्टने ४२ पॉइंट, १३ रिबाउंड, १२ असिस्ट केले होते. फायनल्सचा एमव्हीपी त्या वर्षी पहिल्यांदाच दिला आणि तो हरलेल्या टीमच्या वेस्टला मिळाला, तसं पुन्हा आजतागायत झालेलं नाही.

रसेलचं ते अकरावं विजेतेपद, १३ सीझनमध्ये ११. तो रिटायर झाला आणि नंतर एका जाहीर बोलण्यात म्हणाला की असल्या सामन्यात एवढ्यातेवढ्याने कोणी बाहेर बसत नाही, विल्टने अंग काढून घेतलं. हे दोघं मित्र होते हो. थँक्सगिव्हिंगला एकमेकांच्या घरी जेवायला जायचे, आणि दुसऱ्या दिवशी एकमेकांना बडवायचे. त्या एका वाक्यानंतर वीसेक वर्षं बोलणं बंद. पुढे रसेलने माफी मागितली, परत जुळलं. १९९९ ला विल्ट गेला तेव्हा शोकसभेत रसेल बोलला.

आता सांगा, करीमने १९९० च्या पत्रात जे म्हटलं ते नवीन होतं का? तेच जुनं हत्यार, रसेलने टाकून दिलेलं. म्हणून विल्टला ते जास्त लागलं असं मला वाटतं. रसेलने म्हटलं तर निदान तो समोर उभा होता. करीम तेव्हा कॉलेजातून नुकता बाहेर पडत होता.

---

काकू_ह्यूस्टनवाल्या :

सगळ्यांनी बोस्टन, लॉस एंजेलिस करून झालं असेल तर जरा आमच्याकडे या.

आम्ही तेव्हा ह्यूस्टनला नवीनच आलेलो, ह्यांना क्रिकेटशिवाय काही कळायचं नाही आणि मला तेही नाही, पण १९९४ च्या जूनमध्ये शेजारच्या प्रत्येक घरातून एकदम किंचाळ्या यायच्या मग बघावंच लागलं. हकीम ओलाजुवान. लागोसचा मुलगा, लहानपणी हँडबॉल आणि फुटबॉलचा गोलकीपर, बास्केटबॉलला हात लावला तोच मुळी टीनएजमध्ये. त्याचे पाय बघायचे हो, पाय. एवढा मोठा माणूस आणि पावलं अशी टाकायचा की समोरच्याचा तोल जायचा, हा तिथून गेलेला असायचा.

तुम्ही म्हणताय ना पिढ्यांचं भांडण, हकीमने ते सगळं खेळून संपवलं. १९८६ ला तो २३ वर्षांचा आणि करीम ३९ चा, ह्यूस्टन रॉकेट्सने लेकर्सना ४-१ ने काढलं. १९९४ च्या फायनलला न्यूयॉर्क निक्सचा पॅट्रिक युइंग, सात सामने. सहाव्याच्या शेवटी निक्सच्या जॉन स्टार्क्सने थ्री (लांबून तीन पॉइंटचा शॉट) टाकला तो गेला असता तर निक्स तिथेच चॅम्पियन झाले असते, हकीमने बोटं लावली. ८६-८४. आणि ह्याच युइंगच्या जॉर्जटाउनने १९८४ ला कॉलेजच्या फायनलला हकीमला हरवलं होतं, म्हणजे दहा वर्षं जपलेला हिशेब!

१९९५ ची तर गोष्टच वेगळी. प्लेऑफला सहावं सीडिंग (क्रमवारीत सहावे). समोर सॅन अँटोनियो, डेव्हिड रॉबिन्सन त्या वर्षीचा एमव्हीपी, दुसऱ्या सामन्याआधी त्याला हकीमच्या देखत ट्रॉफी दिली. हकीमने त्या रात्री ४१ मारले. सिरीजची सरासरी ३५.३. बिचारा रॉबिन्सन, इतका सभ्य माणूस, आमच्या इथे कोणाला त्याच्याबद्दल वाईट बोलवेना. मग फायनलला बंड्याचा शॅक, ऑर्लँडो, ४-०.

आणि रमजानचे रोजे ठेवून, पाण्याचा थेंब न घेता दुपारचे सामने खेळायचा. १९९५ च्या फेब्रुवारीत रोजे चालू असताना लीगचा प्लेयर ऑफ द मंथ झाला. ह्यावर कोणी प्लंबर म्हणा बघू.

---

बंड्या२३ :

काकू तुम्हाला नमस्कार, पण ४-० मध्ये शॅकने सरासरी २८ मारले होते, वय २३ होतं, आणि पहिला सामना ऑर्लँडोच्या निक अँडरसनने शेवटच्या सेकंदांत चार फ्री थ्रो (फाउलनंतरचे मोकळे शॉट) सलग चुकवल्यामुळे गेला. चार!! एक आत गेला असता तरी सिरीज वेगळी.

आणि मग १९९९ ची पहिली राउंड का विसरता? शॅकचे लेकर्स ३-१ रॉकेट्स. तेव्हा हकीम ३६ चा आणि शॅक २७ चा, काय हाल केले बघा यूट्यूबवर. २००० ला इंडियानाविरुद्ध फायनलमध्ये सरासरी ३८ पॉइंट १६.७ रिबाउंड. असं कोणी केलंय? विल्टच्या काळात समोर साडेसहा फुटी गोरा क्लार्क असायचा जो उन्हाळ्यात इन्शुरन्स विकायचा.

---

खडूस_पंच :

म्हणजे २३ चा शॅक हरला तर वय कमी होतं आणि ३६ चा हकीम हरला तर तो संपला होता. छान. असाच न्याय सगळ्यांना लाव, मग १९८६ चा ३९ वर्षांचा करीमही सोडून दे.

ह्या धाग्यातली मूळ अडचणच ही आहे. वेगवेगळ्या पिढ्यांचे सेंटर भेटतात तेव्हा एक तरी कोवळा असतो नाहीतर निबर. दोघं ऐन भरात असताना भेटले असं फार क्वचित. रसेल आणि विल्ट भेटले, जवळजवळ दहा वर्षं, म्हणून ती स्पर्धा मोठी. रसेल १९६९ ला गेला आणि करीम त्याच वर्षी आला, त्यांचा एकही एनबीए सामना नाही. आपण आयुष्यभर ह्याच एका न झालेल्या सामन्यावर भांडतोय खरं तर.

इन्शुरन्सवाल्यांबद्दल : १९६१-६२ ला लीगमध्ये टीम फक्त ९ होत्या. नऊ. म्हणजे विल्ट वर्षातून कितीतरी वेळा रसेलसमोर उभा राहायचा. आजच्या सेंटरला ईस्ट-वेस्ट वेगळे असतील तर वर्षातून दोनदा.

---

रेघोट्या :

आकड्यांचा माणूस आहे म्हणून दोन पैसे माझे.

१९६२ च्या आसपास एकेक टीम एका सामन्यात शंभराच्या वर शॉट घ्यायची, आणि त्यातले निम्म्याहून जास्त चुकायचे. आता टीम नव्वदच्या आतबाहेर शॉट घेतात आणि जास्त जातात. चुकलेला शॉट म्हणजे रिबाउंड, त्यामुळे विल्टचे २५ रिबाउंड आजच्या हिशेबात बरेच खाली येतात. दुसरं, त्या वर्षी विल्ट सरासरी ४८.५ मिनिटं खेळला, सामनाच ४८ मिनिटांचा असतो, ओव्हरटाइम धरून हा माणूस जवळपास बसलाच नाही. आज कुठला कोच असं करेल?

पण हे सगळं वजा करूनही २४ नोव्हेंबर १९६० ला त्याने ५५ रिबाउंड घेतले ते कोणासमोर? रसेलच्या सेल्टिक्ससमोर. रसेलसमोर ५५! आणि सामना जिंकला कोणी ते विचारू नका (सेल्टिक्स, १३२-१२९).

---

पिव्होट_नागपाडा :

मुंबईत नागपाड्याच्या कोर्टवर लहानाचा मोठा झालोय, आता पोरांना शिकवतो. तुम्ही सगळे मायकनला एका ओळीत उडवून पुढे गेले ते बघून राहवलं नाही.

नागपाड्यापासून मिनियापोलिसपर्यंत कुठल्याही कोर्टवर नवीन पोरगं आलं की पहिल्या आठवड्यात जे करायला लावतात ना, बास्केटच्या खाली उभं राहून एकदा उजव्या हाताने एकदा डाव्या हाताने, बॉल खाली पडू द्यायचा नाही, ते मायकन ड्रिल. पोरांना माहीत पण नसतं मायकन हे माणसाचं नाव आहे. जाड भिंगाचा चष्मा लावून खेळायचा, पाच टायटल एनबीए आणि तिच्या आधीच्या बीएए मिळून. १९४९ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या पाटीवर ‘जॉर्ज मायकन वि. निक्स’ लिहिलेलं, बाकीची टीम गेली तेल लावत. १९५० मध्ये फोर्ट वेनने त्याला बॉल मिळूच नये म्हणून बॉल नुसता धरून ठेवला, सामना १९-१८ संपला. चार वर्षांनी २४ सेकंदांचा शॉट क्लॉक (तेवढ्यात शॉट घ्यायलाच हवा) आला तो असल्याच प्रकारांमुळे. म्हणजे लांबटांग्याभाई, तुमच्या यादीत हा पण घाला.

आणि खरी गंमत पुढे आहे. १९६७ ला एबीए नावाची दुसरी लीग निघाली, तिचा पहिला कमिशनर मायकन. त्याने थ्री पॉइंटर आणला तिकडे. एनबीएने तो १९७९ ला घेतला. आज जे सगळे रडतात की थ्री पॉइंटमुळे सेंटर संपले, तो थ्री पॉइंट पुढे रेटणारा माणूस स्वतः सेंटर होता!! बाकीच्या सेंटरांचा धंदा ह्यानेच बसवला.

भांडणाच्या धाग्यात हे बसत नाही पण सांगतोच. २००५ ला मायकन गेला तेव्हा घरच्यांची परिस्थिती ओढाताणीची होती, जुन्या खेळाडूंना पेन्शन फार तुटपुंजी, तो त्यासाठी लढत होता. अंत्यविधीचा खर्च शॅकने केला. म्हणाला मायकन नसता तर मी नसतो. बंड्या, तुझा शॅक तुझ्यापेक्षा शहाणा आहे, तो त्यांना प्लंबर म्हणत नाही.

---

बंड्या२३ :

हे माहीत नव्हतं. मायकनला प्लंबर यादीतून वगळण्यात येत आहे. बाकीचे कायम.

---

सई_बेंचवरून :

पॉपकॉर्न संपले म्हणून लिहिते. तुम्ही सगळे २००२ ला थांबलात का? मधे एक दहा वर्षं अशी होती की सेंटर हा प्रकारच बाद झाल्यासारखा, २०१२ ला एनबीएने ऑल-स्टारच्या मतपत्रिकेवरून सेंटर ही जागाच काढली, नुसतं ‘फ्रंटकोर्ट’. लांबटांग्यांच्या थिअरीप्रमाणे हा शेवटचा नियम म्हणायला हरकत नाही, आधी लेन रुंद केली मग नावच पुसलं.

आणि मग काय झालं तर २०१४ च्या ड्राफ्टमध्ये (टीम नवे खेळाडू ओळीने निवडतात तो) तिसऱ्या नंबरवर कॅमेरूनचा एम्बीड आणि ४१ व्या नंबरवर सर्बियाचा योकिच. योकिचचं नाव पुकारलं तेव्हा टीव्हीवर जाहिरात चालू होती. २०२१, २०२२ योकिच एमव्हीपी, २०२३ एम्बीड, २०२४ परत योकिच. हे खरं शत्रुत्व, पण एकाच पिढीचं, आणि दोघांनाही त्याचं फारसं पडलेलं नाही, योकिच सीझन संपला की घोड्यांकडे पळतो. भांडण आपल्यासारख्यांचंच जास्त.

पिढ्यांचंच हवं असेल तर २२ जानेवारी २०२४ बघा. समोर विक्टर वेम्बन्यामा, त्याचं पहिलंच वर्ष, आणि एम्बीडने ७० मारले. त्याच्या टीमचा, फिलाडेल्फिया सिक्सर्सचा, जुना रेकॉर्ड ६८ चा, कोणाचा? विल्टचाच अर्थात. ह्या माणसाच्या घरात कुठेही पाय ठेवा, त्याच्या फर्निचरला अडखळताच.

---

टीपकागद :

सई, शेवटचं वाक्य झकास.

योकिचबद्दल एक. त्याला बघताना मला अरविदास साबोनिस आठवतो. लिथुएनियाचा, सोव्हिएत टीममधून खेळायचा, पाठीमागून पास द्यायचा, सात फुटांच्या वर. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकच्या सेमीफायनलला त्याने अमेरिकेला हरवलं, ८२-७६, समोर एनबीएत अजून न आलेला डेव्हिड रॉबिन्सन. एनबीएत आला तेव्हा १९९५ साल उजाडलेलं आणि पायांची वाट लागलेली. ऐन भरातला साबोनिस विरुद्ध ऐन भरातला हकीम, हा खडूस पंचांच्या न झालेल्या सामन्यांच्या यादीत दुसरा.

---

पिव्होट_नागपाडा :

त्या साबोनिसचा पोरगा डोमँटस आम्ही समोर बघितला! ऑक्टोबर २०१९, वरळीला एनएससीआयच्या डोममध्ये, पेसर्स विरुद्ध सॅक्रामेंटो किंग्ज, भारतातले पहिले एनबीए सामने. पहिल्या दिवशी ओव्हरटाइमला पेसर्स १३२-१३१. टीव्हीवर तो जाडसर वाटतो, प्रत्यक्षात खांदा लावतो तेव्हा कळतं पोस्टमध्ये (बास्केटजवळ) उभं राहणं म्हणजे काय काम आहे. आमच्या पोरांनी सगळे डंकचे व्हिडिओ काढले, मी फक्त त्याचे स्क्रीन (समोरच्याची वाट अंगाने अडवणं) बघत होतो.

---

लांबटांग्या :

वा, धागा माझ्यापेक्षा चांगला चाललाय. थोडी उत्तरं.

टीपकागदकाका, रसेलने टाकलेलं हत्यार करीमने उचललं हा मुद्दा मानला. पण तरी एक फरक राहतोच. विल्टला रसेलबद्दल विचारलं की तो म्हणायचा त्याच्याकडे चांगली टीम होती. हे सोपं उत्तर होतं आणि अर्धं खरंही. करीमच्या बाबतीत हे उत्तर चालत नव्हतं, कारण करीमने त्याला टायटलमध्ये नाही, पॉइंटमध्ये मागे टाकलं, विल्टच्या स्वतःच्या अंगणात. टीमचा काही संबंधच नाही. म्हणून मग रिबाउंड काढायचे, मिनिटं काढायची, रिटायर हो म्हणायचं.

खडूस पंच, करीमला तुम्ही फार हलक्यात सोडलंत. त्याला सुद्धा पुढच्यांनी सोडलं नाही. १९७७ ला बिल वॉल्टनच्या पोर्टलंडने लेकर्सना ४-० ने झाडलं, तोही यूसीएलएचाच, करीमच्याच शाळेतला म्हणा ना. १९८३ ला मोझेस मलोनच्या सिक्सर्सनी फायनलला ४-०. मोझेस करीमपेक्षा चांगला चार इंच बुटका, पण ऑफेन्सिव्ह रिबाउंड असे उपसायचा की करीम नुसता बघत राहायचा, आणि तिथे विल्टचं रिबाउंडवालं बोलणं खरं ठरत होतं हे कबूल करावं लागतं. आणि मग १९८५, बोस्टनने पहिल्या सामन्यात १४८-११४ ने चिरडलं, सगळे म्हणाले ३८ वर्षांचा म्हातारा संपला, दुसऱ्या सामन्यात ह्याने ३० पॉइंट १७ रिबाउंड ८ असिस्ट, सिरीज जिंकली, फायनल्स एमव्हीपी. माझा करीम तोच.

आणि त्याचा ३८,३८७ चा रेकॉर्ड ७ फेब्रुवारी २०२३ ला लेब्रॉन जेम्सने मोडला तेव्हा करीम समोर बसला होता, उठून बॉल त्याच्या हातात दिला. लेब्रॉनशी त्याचं फार सख्य होतं अशातला भाग नाही. विल्टने जे आपल्याला दिलं नाही ते आपण द्यायचं असं काही त्याच्या मनात असेल का, मला उगाच वाटतं.

---

रेघोट्या :

किंवा लेब्रॉन सेंटर नाही म्हणून सोपं गेलं असेल :)

---

खडूस_पंच :

रेघोट्या +१. योकिचने मोडला असता तर बघितलं असतं पत्र आलं की नाही.

---

बंड्या२३ :

एक सीरियस प्रश्न. विल्टने १०० मारले त्या दिवशी ३२ पैकी २८ फ्री थ्रो कसे घातले? तो तर ५१ टक्केवाला ना करिअरभर? शॅकसारखाच.

---

रेघोट्या :

त्या सीझनला तो दोन्ही हातांनी खालून फेकायचा, रिक बॅरी पुढे फेकायचा तसं. ६१ टक्के गेले त्या वर्षी, त्याच्या करिअरमधले सगळ्यात जास्त. मग सोडून दिलं, कारण तसं फेकताना आपण बावळट दिसतो असं त्याला वाटायचं. चालणारी गोष्ट लाजेखातर सोडली.

---

खडूस_पंच :

आणि रिक बॅरीने शॅकला तेच शिकवायची तयारी दाखवली तर शॅक म्हणाला खालून फेकण्यापेक्षा शून्य टक्के परवडले. बघा, दोन पिढ्यांचं कशावर तरी एकमत आहे.

---

बंड्या२३ :

स्टाइल महत्त्वाची असते पंच.

---

काकू_ह्यूस्टनवाल्या :

हकीम सरळ वरूनच फेकायचा आणि ७१ टक्के घालायचा. चालू द्या तुमचं.